वरच्या मजल्यावरचा जोड आणि खालच्या मजल्यावरची झुरळे

प्रति,
मा. कीटक व उंदीर प्रतिबंध अधिकारी,
आरोग्य खाते, नगर कार्यालय,
पहिला मजला, जिन्याच्या उजव्या हाताची खोली.

विषय : वरच्या मजल्यावरून झिरपणाऱ्या पाण्यामुळे तळमजल्यावर झालेला किड्यांचा सुळसुळाट व त्याबद्दल वरच्या मजल्यावरील इसमास जन्माची अद्दल घडवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज.
२) आपल्या निरीक्षकांचा 'निरंक' हा शेरा.

महोदय,

१. अर्जदार पुस्तकबांधणीचे काम करतो व तळमजल्यावर पत्नीसह राहतो. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. वरच्या मजल्यावर अर्जदाराचे साडू राहतात, म्हणजे अर्जदाराच्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणींनी हट्ट धरून एकाखाली एक घरे घेतली, त्याला सव्वीस वर्षे झाली. साडू नळखात्यातून निवृत्त झालेले फिटर असून आपल्या हातचा जोड गळत नाही असे ते जिन्यात, गच्चीत, लग्नकार्यात आणि एकदा स्मशानातही म्हणाले आहेत. अर्जदाराचा मागचा अर्ज, त्यात 'मी' आणि 'तो' हे शब्द एकसष्ट वेळा आल्यामुळे, 'वैयक्तिक भांडण' असा शेरा मारून परत करण्यात आला. सबब या अर्जात अर्जदाराने स्वतःस अर्जदार म्हटले आहे. साडूंना काय म्हणायचे तेही अर्जदारास चांगले येते, पण ते सरकारी कागदावर शोभणार नाही.

२. दोन्ही घरांच्या न्हाणीघरांमागे नळांसाठी एक उभी, अरुंद पोकळी आहे. तिला सगळे डक्ट म्हणतात. डक्टला एक दार खाली आहे, एक वर आहे. गेल्या उन्हाळ्यात साडूंनी न्हाणीघराची मोरी स्वतःच्या हाताने हलवली आणि तिच्या सांडपाण्याच्या नळाला डक्टमध्ये नवा जोड घातला. उन्हाळाभर काही दिसले नाही, कारण झिरपलेले पाणी भिंत पिऊन टाकत होती. पाऊस सुरू झाला, बाहेरून भिंत भिजली, आतून जोड गळू लागला, आणि चौथ्या दिवशी अर्जदाराच्या मागच्या खोलीत कपाटाच्या मागे हाताच्या पंजाएवढा ओला डाग उमटला. आज तो छतापासून जमिनीपर्यंत आहे. त्यावर हिरवट बुरशी आली आहे, आणि कपाट उघडले की कपड्यांना ओल्या पोत्याचा वास येतो.

३. ओल आली की मागोमाग कोण कोण येते, हे आपल्या खात्यास विदित असेलच. तरीही नोंद राहावी म्हणून अर्जदार आगमनाचा क्रम देत आहे. आधी मुंग्या आल्या. अंगणात पाणी साचून त्यांची वारुळे बुडाली, तेव्हा त्या अंडी तोंडात धरून, सहकुटुंब, अर्जदाराच्या उंबरठ्यावरून आत आल्या. त्यांचा अर्जदारास राग नाही, त्यांचे घर बुडाले होते. मग कसर आली, म्हणजे कागद व खळ खाणारी ती चंदेरी, सरसर पळणारी कीड. ती आयुष्यभर अर्जदाराच्या धंद्यावर टपलेली आहे, पण आजवर तिची डाळ शिजली नव्हती. मग न्हाणीघराच्या मोरीतून गोमी निघाल्या. सगळ्यांत शेवटी गटारे तुंबली आणि झुरळे वर आली. ती आली ती पाहुण्यासारखी नाही, भाडेकरूसारखी. चुलीमागे, कपाटाच्या बिजागरीत, घड्याळात, अर्जदाराच्या चष्म्याच्या घरात. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात वाळवीने मातीची बारीक नळी चढवली आहे, ती रोज बोटभर वाढते.

४. अर्जदाराने आपल्याकडे अर्ज केला. आपले निरीक्षक आले. ते येताच पाऊस नेमका अर्धा तास थांबला. निरीक्षकांच्या छापील तक्त्यात उंदीर, घुशी व डास असे तीनच रकाने होते. अर्जदाराने कपाट सरकवून दाखवले, झुरळांची पळापळ झाली, त्यांतली दोन तर निरीक्षकांच्या बुटावरूनही गेली. निरीक्षकांनी तिन्ही रकान्यांत 'निरंक' लिहिले. झुरळांचे काय, असे विचारता ते म्हणाले, "काका, रकाना नाही तर लिहू कुठं? हवा खेळती ठेवा." बाहेर तोवर पाऊस पुन्हा कोसळू लागला होता. एवढे करून निरीक्षक वर गेले, साडूंकडे चहा प्यायले आणि साडूंच्या नळकामाची तारीफ करून निघून गेले. हे अर्जदारास मेव्हणीकडून कळले. ती बिचारी सरळ मनाची आहे, तिला वाटले भाऊजींना ऐकून बरे वाटेल.

५. तेव्हा पुरावा हवा म्हणून अर्जदाराने स्वतः प्रयोग केला. बांधणीच्या कापडाला लावायचा लाल रंग त्याने पत्नीबरोबर वर पाठवला आणि तो साडूंच्या न्हाणीघराच्या मोरीत हळूच ओतायला सांगितले. पत्नी म्हणाली, "अहो, माझ्याच बहिणीच्या घरात मी चोरासारखं काय ओतू?" तरी तिने ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जदाराच्या भिंतीवरून लाल ओघळ उतरले होते. अर्जदाराने साडूंना बोलावून ते दाखवले. साडूंनी बोट लावले, वास घेतला आणि म्हणाले, "रंग तुमचा, भिंत तुमची, हातही तुमचेच लाल. माझा काय संबंध?" अर्जदाराने हाताकडे पाहिले तर ते खरोखर लाल होते, कारण तो तीस-पस्तीस वर्षे तेच काम करतो. साडू जिना चढून जाताना शीळ वाजवत होते. त्या शिळेने अर्जदाराच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही.

६. पुढील मजकूर अर्जदार खरे बोलण्याच्या हेतूने लिहीत आहे. तो आधीच्या चार अर्जांत नव्हता.

बांधणीची खळ मैद्याची करतात. मैदा हे सर्व किड्यांचे आवडते खाद्य, म्हणून जाणता बाइंडर खळ शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतो. ते निळे विष असते. ते घातले की पुस्तकाला कीड तोंड लावत नाही. अर्जदाराने जन्मात मोरचुदाविना खळ केली नव्हती. शीळ ऐकली त्याच दिवशी दुपारी त्याने मोठे पातेलेभर खळ केली आणि जाणूनबुजून, हसत हसत, मोरचूद घातला नाही. उलट थोडी साखर घातली. मग डक्टचे खालचे दार उघडून, काठीला लांब ब्रश बांधून, त्याने नळाच्या कडेने जुन्या वह्यांच्या कागदाच्या व जाळीदार कापडाच्या पट्ट्या खळीने चिकटवत नेल्या, त्या थेट साडूंच्या दाराच्या फटीपर्यंत. पुस्तकाच्या पाठीला लावतात तशा, एकावर एक तीन थर. अर्जदाराच्या घरातील समस्त कीटकवर्गाने त्या वाटेने वर जावे आणि साडूंच्या स्वयंपाकघरात वस्तीला राहावे, एवढाच उद्देश होता. अर्जदाराने इतक्या मन लावून केलेले काम गेल्या दहा वर्षांत दुसरे नाही.

७. ते सफल झाले, हे सांगताना अर्जदारास त्या वेळी जो आनंद झाला तो लपवायचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वरून मेव्हणीची किंकाळी ऐकू आली. मग चपलेचे आवाज. मग स्टूल पडल्याचा आवाज, आणि त्यावरून साडू पडल्याचा. अर्जदार खाली खुर्चीत बसून चहा पीत होता. चहा थंड झाला तरी गोड लागला. संध्याकाळी साडू जिन्यात भेटले, त्यांच्या कपाळाला टेंगूळ होते. ते म्हणाले, "यंदा झुरळं फार झाली हो." अर्जदार म्हणाला, "हवा खेळती ठेवा." हे वाक्य आपल्या निरीक्षकांचे असले तरी अर्जदाराने ते त्यांच्यापेक्षा चांगले म्हटले.

खालची झुरळे मात्र कमी झाली नाहीत. वाट झाल्यावर ती दोन्हीकडे फिरू लागली, गटारातली त्यांची आणखी भावंडे आली, आणि साखरेच्या खळीवर सगळी धष्टपुष्ट झाली.

८. अर्जदाराच्या पत्नीस दमा आहे. तो बरीच वर्षे दबून होता. यंदा ओल आणि बुरशी यांनी त्याने पुन्हा डोके वर काढले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले, आणि तोंडानेही सांगितले, की ओल, बुरशी आणि झुरळांची घाण या तिन्हींपासून यांना लांब ठेवा, नाहीतर दवाखान्यात भरती करावे लागेल. तेव्हा मेव्हणी खाली आली आणि म्हणाली, "ताई, वर चल. आमच्याकडं कोरडं आहे." पत्नीने पिशवीत चार कपडे घातले आणि ती गेली. जाताना अर्जदारास म्हणाली, "पाऊस थांबेपर्यंतच. तुम्ही वेळेवर जेवा."

अर्जदाराने तिला थांबवायला हवे होते. तुझ्या बहिणीच्या घरात मी झुरळे पाठवली आहेत, हे सांगायला हवे होते. तो मूग गिळून बसला. त्याला वाटले, वरही झुरळे पाहिली की ती दोन दिवसांत कंटाळून परत येईल, आणि साडूंची नाचक्की होईल ती वेगळीच. असे वाटले, हे अर्जदार लाज वाटत असतानाही लिहीत आहे.

९. ती परत आली नाही. आज सहा दिवस झाले. अर्जदाराची कामाची खोली साडूंच्या पुढच्या खोलीखाली आहे. दुपारी गिरण्यांचे भोंगे थांबले, रस्ता शांत झाला, की वरून खोकला ऐकू येतो. तो पूर्वी वर्षानुवर्षे शेजारच्या उशीवर ऐकलेला खोकला आहे, त्यात चूक होणे नाही. आधी कोरडा असतो, मग लांबतो, मग मध्ये थांबतो, आणि तो थांबतो तेव्हा अर्जदाराच्या हातातली सुई थांबते. पुन्हा सुरू झाला की हायसे वाटते. खोकला ऐकून हायसे वाटावे, ही काय अवस्था आहे, ते अर्जदाराने आपल्यावर सोपवले आहे. वर कोरडे आहे, बुरशी नाही. तिथे तिला छळते आहे ती फक्त तिसरी गोष्ट, आणि ती अर्जदाराने स्वतः पट्ट्या लावून पोचवली आहे.

१०. अर्जदाराने पट्ट्या काढायचा प्रयत्न केला. खालून आठ फुटांपर्यंत सगळे खरवडून काढले, कागद, कापड, त्यातली अंडी, सगळे. वरचे तीन फूट राहिले. लावताना ब्रश वाकून पोचला होता. खरवडायचे पाते वाकत नाही, आणि मध्ये साडूंचा तो सुप्रसिद्ध जोड आडवा येतो. शिवाय अर्जदाराने लावलेली पट्टी सहजासहजी सुटत नाही. आयुष्यात प्रथमच त्यास आपले काम चांगले असल्याचे वाईट वाटले. ते तीन फूट फक्त वरच्या दारातून निघतील. वरच्या दाराला कुलूप आहे व किल्ली साडूंच्या कमरेला आहे. ती मागायची तर कशासाठी ते सांगावे लागेल. अर्जदार दोनदा जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत जाऊन आला. दोन्ही वेळा वरून शीळ ऐकू आली व पाय मागे वळले.

११. तरी मेहेरबान साहेबांनी खालीलप्रमाणे करावे, ही विनंती.

अ) वरच्या मजल्यावरील डक्टचे दार आपल्या अधिकारात तात्काळ उघडून आतील सर्व पट्ट्या व झुरळे काढावीत. हे काम आधी वर करावे. खाली कधीही केले तरी चालेल, न केले तरी चालेल. औषध मारायचे असल्यास त्या वेळी अर्जदाराच्या पत्नीस बाहेर मोकळ्या हवेत बसवावे व तिच्या अंगावर शाल द्यावी.

आ) दार का उघडले याचे कारण साडूंना सांगू नये. 'नेहमीची तपासणी' असे सांगावे.

इ) दार उघडल्यावर गळका जोड दिसेलच. त्याचा पंचनामा साडूंना शेजारी उभे करून, मोठ्या आवाजात वाचावा. अर्जदार खालच्या दारात उभा राहून ऐकेल.

ई) साडूंच्या जोडाबद्दल त्यांस जी शिक्षा होईल तीच अर्जदारास खळीबद्दल व्हावी, हरकत नाही. फक्त साडूंना ती एक दिवस आधी व्हावी.

उ) कलम ६ ते १० अर्जदाराच्या पत्नीस कोणत्याही परिस्थितीत दाखवू नयेत.

कळावे, लोभ नसला तरी तपासणी व्हावी.

आपला नम्र,
तळमजल्यावरील बाइंडर

दिनांक : सोमवार, सलग पावसाचा तेविसावा दिवस.

सोबत : १) डॉक्टरांची चिठ्ठी (मूळ, औषध हिच्यावरच मिळते, तरी पाहून परत करावी).
२) खरवडलेली पट्टी, एक फूट, मेणकागदात. आतील प्राणी मेलेले असावेत.

पुरवणी

मंगळवार. सदर अर्ज काल आपल्या आवक खिडकीवर दिला असता लिपिक बाईंनी तो चष्म्याच्या वरून वाचला व परत केला. डक्ट सामाईक असल्याने वर व खाली राहणाऱ्या दोघांच्या सह्या लागतात. अर्जदाराने दुसरा, सौम्य अर्ज लिहून देतो असे म्हटले. बाई म्हणाल्या, "काका, खाडाखोड चालेल. पण हाच हवा, याला आता आवक क्रमांक पडला."

सबब अर्जदार आज सकाळी सातवी पायरी ओलांडून वर गेला व अर्ज साडूंच्या हाती दिला. साडूंनी तो खिडकीशी उभे राहून वाचला. पहिल्या कलमाला ते फुरफुरले. दुसऱ्याला 'हॅं' म्हणाले. पाचव्याला चक्क हसले. सहाव्यापासून त्यांचा आवाज बंद झाला. नववे कलम त्यांनी दोनदा वाचले. मग ते आत गेले, किल्ली काढली, डक्टचे दार उघडले, बॅटरीने जोडाकडे बराच वेळ पाहिले आणि पाठमोरेच म्हणाले, "गळतोय." सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून अर्जदाराने ऐकलेला हा सर्वांत गोड शब्द. परंतु तो ऐकून जितके बरे वाटायला हवे होते तितके वाटले नाही, कारण अर्ज तोवर पत्नीच्या हातात गेला होता.

तिने तो बसून, सावकाश, कलमे ६ ते १० सह वाचला. दोनदा खोकल्यामुळे थांबली. अर्जदार समोर उभा होता. वाचून झाल्यावर तिने कागद नीट घडी करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "जिन्यात येऊन एक हाक मारायची होती. एवढंच करायचं होतं." मग तिने बहिणीला हाक मारली. दोघींनी स्वयंपाकघरात जाऊन विचारविनिमय केला. बाहेर येऊन पत्नीने जे सांगितले ते अर्जदार शब्दशः उतरवून घेत आहे. कलम ११ मधील अ ते उ या मागण्या खोडल्या असून त्यांच्या जागी पुढील एकच मागणी वाचावी.

आपल्या खात्याने माणूस पाठवू नये. पट्ट्या बाइंडरने स्वतःच्या हाताने खरवडाव्यात, आणि जोड फिटरने स्वतःच्या हाताने नवा घालावा, दोघांनी एकाच वेळी त्याच डक्टमध्ये उभे राहून. त्यानंतर ओली भिंत वाळेपर्यंत दोन्ही पुरुषांनी तळमजल्यावर राहावे, व दोन्ही बहिणी वर राहतील. भिंत वाळली की नाही ते अर्जदाराची पत्नी स्वतः हात लावून ठरवील. तिचा निर्णय अंतिम राहील व त्यावर अपील चालणार नाही.

त्यानुसार काम दुपारी पुरे झाले. डक्टची रुंदी दीड फूट असून साडूंचे कोपर अर्जदारास चार वेळा लागले. त्यांतले दोनदा मुद्दाम होते. अर्जदाराच्या हातून खरवडणीचा बराच भुगा साडूंच्या कॉलरमध्ये गेला, त्यातला काही जिवंत होता. साडू आपली गादी घेऊन खाली आले आहेत. ती त्यांनी ओल्या भिंतीकडच्या बाजूला घातली, कोणी न सांगता. अर्जदाराने खळ केली आहे, मोरचूद घालून, आणि साडूंना फटींना लावायला ब्रश दिला आहे. त्यांना ब्रश धरता येत नाही. हे त्यांना सांगून झाले आहे.

आज संध्याकाळपर्यंत वरून खोकला तीनदा ऐकू आला. साडूंचे म्हणणे चारदा. दोघे खुर्च्या सरकवून, छताकडे कान लावून बसलो आहोत.

आपले नम्र,
(सही) (सही)
तळमजल्यावरील दोघे